पहिल्या भेटीपूर्वी : मानसोपचार सुरू करणाऱ्या वाचकासाठी

मानसोपचार घेण्याचा निर्णय होईपर्यंत बहुतेकांची महिने, कित्येकदा वर्षे, घालमेलीत गेलेली असतात, आणि तरीही निर्णय झाल्यावर पुढे नेमके काय घडणार याची कल्पना त्यांना क्वचितच असते. शरीराच्या आजारात दवाखान्यात काय होते हे प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेले असते. मानसोपचाराच्या खोलीत मात्र बहुधा दोनच माणसे असतात आणि तिथे जे बोलले जाते ते बाहेर जात नाही, त्यामुळे तिथल्या व्यवहाराची माहिती घरातून किंवा शेजारातून आपोआप मिळत नाही. ही उणीव चित्रपट, मालिका आणि ऐकीव गोष्टी भरून काढतात, आणि त्यांतून तयार झालेल्या अपेक्षा पहिल्या दोन-तीन भेटींतच कोसळू लागतात. जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा मानसोपचार सुरू केलेल्या सुमारे दर पाच व्यक्तींमागे एक व्यक्ती तो अर्धवट सोडते, असे त्यांना आढळले. सोडण्याची कारणे अनेक असतात. पैसा, अंतर, वेळ, घरच्यांचा विरोध ही त्यांतली उघड कारणे आहेत. पण ‘इथे काय चालले आहे तेच कळत नाही’ हेही एक कारण असते, आणि ते पुष्कळदा आधी मिळालेल्या साध्या माहितीने दूर होऊ शकते.

हा केवळ अंदाज नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेरोम फ्रँक, रुडॉल्फ होएन-सारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही रुग्णांची उपचारापूर्वी एक वेगळी मुलाखत घेण्यात आली. उपचारात काय होईल, उपचारकाचे काम कोणते, रुग्णाचे कोणते, आणि अडथळे कुठे येतील, एवढेच तीत समजावून सांगितले होते. अशी पूर्वतयारी झालेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक नियमितपणे आले आणि त्यांची सुधारणाही अधिक झाली. प्रस्तुत प्रस्तावनेचा हेतू तोच आहे: मानसोपचाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाला आत काय आहे हे जमेल तितक्या स्पष्टपणे सांगणे.

प्रथम काही संज्ञा. मराठीत ‘मानसोपचार’ हा शब्द मनाच्या आजारांवरील सर्व उपचारांसाठी सरसकट वापरला जातो. येथे मात्र तो प्रशिक्षित उपचारक आणि मदत घेणारी व्यक्ती यांच्यातील ठरावीक, नियमित आणि हेतुपूर्वक केलेल्या संवादातून होणाऱ्या उपचारापुरता, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आता सर्रास ‘थेरपी’ म्हटले जाते त्याच्यापुरता, मर्यादित ठेवला आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हे वैद्यकीय पदवी घेऊन मनोविकारशास्त्रात पुढील शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यांना असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राच्या उच्च शिक्षणानंतर निदान, मानसिक चाचण्या आणि संवादात्मक उपचार यांचे विशेष प्रशिक्षण घेतात, ते औषधे देत नाहीत, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या संस्थेकडे, त्यांची नोंदणी असावी लागते. ‘समुपदेशक’ या शब्दाखाली मात्र आजवर फार वेगवेगळ्या पात्रतेची माणसे एकत्र आली आहेत; दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण आणि वर्षानुवर्षांचा देखरेखीखालचा अनुभव असलेलेही समुपदेशक असतात, आणि काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर पाटी लावलेलेही. संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या क्षेत्राला नियमनाच्या कक्षेत आणले आहे. तरी समोरच्या व्यक्तीचे शिक्षण कोणते, नोंदणी कुठे, आणि आपल्यासारख्या अडचणीवर काम करण्याचा अनुभव किती, हे विचारण्याची जबाबदारी आज तरी मदत घेणाऱ्यावरच येते. हा प्रश्न उद्धट नाही, आणि तो ऐकून दुखावणारा उपचारक टाळलेला बरा.

संवादातून उपचार ही कल्पना आधुनिक रूपात व्हिएन्नात आकाराला आली. योझेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावरील आपले अभ्यास प्रसिद्ध केले आणि त्यातून पुढे मनोविश्लेषण, म्हणजे व्यक्तीला स्वतःलाही उमगत नसलेल्या इच्छा, भीती आणि जुन्या आठवणी यांचा शोध घेणारी पद्धती, उभी राहिली. भारतात ती लवकर पोहोचली; गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली आणि फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. त्यानंतर कार्ल रॉजर्स यांनी उपचारकाच्या सल्ल्यापेक्षा त्याच्या निखळ, न्यायनिवाडा न करणाऱ्या ऐकण्याला महत्त्व दिले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि आरन बेक यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या दुःखामागील विचारांकडे लक्ष वेधले. एलिस यांच्या मते घटनेपेक्षा घटनेविषयीचा आग्रही दृष्टिकोन माणसाला अधिक छळतो: परीक्षेत अपयश आले यापेक्षा ‘मला अपयश येताच कामा नये’ ही मागणी अधिक घातक ठरते. ही पद्धती महाराष्ट्राला विशेष परिचित आहे, कारण कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी संपर्क ठेवून तिचा अभ्यास केला आणि ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने ती मराठी वाचकांपर्यंत व उपचारकांच्या नव्या पिढीपर्यंत नेली.

इतक्या पद्धती असताना कोणती निवडावी, या चिंतेत नवी व्यक्ती बराच काळ अडकते. उपलब्ध पुरावा पाहता ती चिंता काही प्रमाणात अनावश्यक आहे. हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये मानसोपचाराचा उपयोग होतो याला पुरावाच नाही असे जाहीर केल्यावर जो वाद पेटला, त्यातूनच मोजमापाची खरी शिस्त या क्षेत्रात आली. मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यास एकत्र मांडून दाखवले की मानसोपचार घेतलेली सरासरी व्यक्ती तो न घेतलेल्या सुमारे ७५ टक्के व्यक्तींपेक्षा बऱ्या स्थितीत असते, आणि निरनिराळ्या पद्धतींच्या परिणामांत फरक मात्र थोडाच दिसतो. याला अपवाद आहेत. मंत्रचळाच्या आजारात, म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येऊन हात धुणे, कुलूप तपासणे अशा कृती अनिवार होतात तेव्हा, भीतीला क्रमाने सामोरे नेऊन ती कृती रोखून धरणारी विशिष्ट पद्धती परिणामकारक असल्याचे पुरावे भक्कम आहेत, आणि अशा वेळी ती जाणणारा उपचारक शोधलाच पाहिजे. पण सर्वसाधारण नैराश्य, चिंता, शोक, नात्यांतील ताण यांत पद्धतीच्या नावाइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व उपचारक आणि मदत घेणारी व्यक्ती यांच्यात जुळणाऱ्या सहकार्याला आहे. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या सहकार्याचे तीन घटक सांगितले: कशासाठी काम करायचे यावर एकमत, ते कसे करायचे यावर एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. पहिल्या काही भेटींत वाचकाने स्वतःला विचारावयाचे प्रश्न या तीन घटकांतच सापडतात.

पहिली भेट बहुधा ४५ ते ६० मिनिटांची असते आणि तिच्यात बोलण्यापेक्षा विचारपूस अधिक असते. कोणत्या त्रासामुळे यावेसे वाटले, तो कधीपासून आहे, आताच का यावे लागले, झोप, भूक आणि कामावरील लक्ष कसे आहे, घरात कोण कोण आहे, पूर्वी असा त्रास झाला होता का, कुटुंबात कुणाला होता का, मद्य किंवा तंबाखू किती, कोणती औषधे चालू आहेत, असे प्रश्न येतात. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडते’, ‘हातापायांना मुंग्या येतात’, ‘कशात मन लागत नाही’ अशा नेहमीच्या शब्दांत दिलेली उत्तरे पुरेशी असतात. शास्त्रीय नावे शोधून आणण्याची गरज नसते, उलट इंटरनेटवर वाचलेले निदान पाठ करून गेल्यास स्वतःचा अनुभव त्याच्याआड दडून राहतो. काही उपचारक नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली किंवा तत्सम चाचणी भरून घेतात. ती परीक्षा नसते, त्रासाची आजची पातळी नोंदवून पुढच्या नोंदींशी ताडून पाहण्याची सोय असते. थायरॉइडची कमतरता किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता नैराश्यासारखीच लक्षणे दाखवू शकते, म्हणून रक्ततपासणी करून येण्यास सांगितले गेले तर उपचारक आपले म्हणणे गांभीर्याने घेत नाही असा अर्थ काढू नये.

एक प्रश्न अनेकांना दचकवतो: मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का? हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला विचारला जातो आणि विचारला गेलाच पाहिजे. असे विचारल्याने ते विचार डोक्यात भरवले जातात ही समजूत संशोधनाने खोटी ठरवली आहे. बहुतेकांना कुणीतरी सरळ विचारले याचाच दिलासा वाटतो. खरे उत्तर दिल्यास पोलीस घरी येतील ही भीतीही मनातून काढून टाकावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. नुसता विचार बोलून दाखवणे तर कधीच गुन्हा नव्हता.

पहिल्या भेटीनंतर येणारी सर्वांत मोठी निराशा सल्ल्याविषयीची असते, आणि मराठी समाजात तिचे मूळ खोल आहे. अडचणीत सापडलेला माणूस इथे पूर्वापार वडीलधाऱ्यांकडे, मामा-काकांकडे, शाळेतल्या सरांकडे, कीर्तनकार किंवा महाराजांकडे गेला आहे आणि प्रत्येकाने त्याला काय करावे हे सांगितले आहे. त्यामुळे पैसे मोजून भेटलेल्या तज्ज्ञाने ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले की फसवणूक झाल्यासारखे वाटते. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मधील आपल्या निबंधात हा पेच नेमका पकडला. अंतर राखून, तटस्थपणे ऐकणारा पाश्चात्त्य उपचारक भारतीय रुग्णाला कोरडा वाटतो आणि गुरु-शिष्य नात्याचा नमुना इथल्या उपचाराला अधिक मानवेल, असे त्यांनी मांडले. त्यांचे निरीक्षण आजही खरे आहे, आणि चांगले भारतीय उपचारक पुस्तकी तटस्थतेपेक्षा अधिक मोकळे, अधिक बोलके असतात. परंतु गुरूपुढे शंका गिळायची असते आणि उपचारकापुढे ती बोलून दाखवायची असते, हा भेद विसरून चालणार नाही. नोकरी सोडावी का, लग्न मोडावे का, सासू-सासऱ्यांपासून वेगळे राहावे का, या प्रश्नांचे परिणाम भोगणारी व्यक्ती उपचारक नसतो. म्हणून तो निर्णय देत नाही, निर्णय घेण्याची अडलेली क्षमता मोकळी व्हावी यासाठी काम करतो. झोपेची शिस्त, श्वसनाची पद्धत, भीतीला सामोरे जाण्याचा क्रम यांबाबत तो स्पष्ट सूचना देतो आणि त्याने त्या दिल्याच पाहिजेत. जीवनाच्या दिशेबाबत मात्र दुसऱ्याच भेटीत ठाम आदेश देणारा उपचारक, कितीही आश्वासक वाटला तरी, सावधगिरीचा विषय आहे.

दुसरा पेच कुटुंबाचा. बोललेले गुप्त राहते हा मानसोपचाराचा पाया आहे, पण भारतीय घरात एकट्याचे असे काही असणे हेच पुष्कळांना नवे असते: आई सोबत येते, नवरा खोलीबाहेर बसतो, आणि भेट संपल्यावर ‘काय म्हणाले डॉक्टर?’ हा प्रश्न ठरलेला असतो. कुटुंबाचा सहभाग हा मूलतः दोष नव्हे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहू दिले, त्यांना उपचारात सामील केले, आणि त्याचे चांगले परिणाम पुढे भारतभर अनुकरणीय मानले गेले. प्रश्न मर्यादेचा आहे, आणि ती मर्यादा मदत घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीने ठरवावयाची असते. घरच्यांना काय सांगायचे, किती सांगायचे, कधी त्यांना एखाद्या भेटीला बोलवायचे, हे पहिल्याच भेटीत उपचारकाशी बोलून घ्यावे. २०१७ च्या अधिनियमाचे कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देते आणि त्याचे अपवादही सांगते: कुणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल, किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. याखेरीज बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे उपचारकावर बंधनकारक आहे. जो उपचारक हे अपवाद आपणहून सांगतो तो गोपनीयता अधिक गंभीरपणे घेत असतो, असे समजण्यास हरकत नाही.

भाषेविषयीही आधीच बोलावे. उच्चशिक्षित मराठी माणसे पुष्कळदा इंग्रजीतून सुरुवात करतात आणि काही भेटींनंतर त्यांच्या ध्यानात येते की बालपणाविषयी, आईवडिलांविषयी, अपमानाविषयी बोलताना इंग्रजी वाक्ये फार व्यवस्थित, फार थंड होतात. मराठीतून बोलण्याची मागणी करणे, किंवा मराठी जाणणारा उपचारक शोधणे, हे मागासलेपण नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी भाषकांना ऑनलाइन भेटींमुळे ही सोय काही प्रमाणात मिळाली आहे. मात्र अमेरिकेसारख्या देशात उपचारकाचा परवाना राज्यानुसार असतो आणि दूरस्थ उपचारांवर त्यातून येणारी बंधने आधी तपासून घ्यावी लागतात.

तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून प्रत्यक्ष काम सुरू होते, आणि त्याचा मोठा भाग खोलीबाहेर घडतो. लोकलमध्ये एकदा जीव घाबरा झाल्यामुळे रेल्वेप्रवासच सोडलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेता येईल. प्रवास टाळला की त्या क्षणी सुटका वाटते, आणि ती सुटकाच भीतीला पोसते, कारण गाडीत बसूनही काही घडत नाही हे अनुभवण्याची संधीच उरत नाही. म्हणून उपचारक आणि ती व्यक्ती मिळून पायऱ्या आखतात: आधी फलाटावर थोडा वेळ उभे राहणे, मग दुपारच्या रिकाम्या गाडीतून एक स्थानक जाणे, मग दोन, आणि कालांतराने सकाळची गर्दी. प्रत्येक पायरीवर भीती चढते आणि टिकून राहिल्यास उतरते, हे शरीराला शिकवले जाते. विचारांवर काम करणाऱ्या पद्धतींत वही ठेवावी लागते. प्रसंग कोणता, त्या क्षणी आपोआप उमटलेला विचार कोणता, भावना किती तीव्र, विचाराच्या बाजूने पुरावा काय आणि विरुद्ध काय, अशी नोंद करावी लागते. हा गृहपाठ न करता केवळ साप्ताहिक भेटीवर विसंबणाऱ्यांची प्रगती मंद होते. तो झाला नसेल तर खोटे सांगण्याऐवजी का झाला नाही ते सांगावे, कारण त्या ‘का’मध्येच अनेकदा पुढच्या भेटीचा खरा विषय असतो.

याच टप्प्यावर अनेकांना आधीपेक्षा वाईट वाटू लागते. वर्षानुवर्षे बाजूला सारलेल्या गोष्टी बोलल्या गेल्याने झोप उडते, रडू येते, भेटीच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो, आणि नेमके त्याच आठवड्यात ऑफिसात महत्त्वाची मीटिंग निघते. या टाळाटाळीला मनोविश्लेषणात ‘विरोध’ म्हणतात. तो हट्टीपणा नसून जुन्या जखमेला हात लागू न देण्याची मनाची धडपड असते. तसेच आयुष्यातील महत्त्वाच्या व्यक्तींविषयीच्या भावना नकळत उपचारकावर वळतात: वडिलांची जरब त्याच्या शांत बसण्यात दिसते, आईकडून न मिळालेली माया त्याच्याकडून मागावीशी वाटते, कधी आकर्षण निर्माण होते. याला ‘भावांतरण’ म्हणतात. या भावना लाजिरवाण्या नाहीत; त्या बोलून दाखवल्यास उपचाराचे काम पुढे जाते. मात्र त्यांचा गैरफायदा घेऊन भेटीबाहेर जवळीक साधणारा उपचारक व्यवसायाच्या नीतिनियमांचा गंभीर भंग करतो, आणि अशा वेळी उपचार तत्काळ थांबवून तक्रार करणे योग्य. समलैंगिकता ‘बरी’ करून देतो असे सांगणाऱ्याचेही तेच: राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे तथाकथित रूपांतरण-उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

काही आठवड्यांची अस्वस्थता आणि खरोखरीची घसरण यांत फरक आहे. मानसोपचार घेणाऱ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के व्यक्तींची स्थिती उपचारादरम्यान खालावते, ही गोष्ट या क्षेत्रातील संशोधक मान्य करतात आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दीड-दोन महिन्यांनंतरही काहीच हलत नसेल, किंवा त्रास सतत वाढत असेल, तर ते उपचारकाला स्पष्ट सांगावे. डॉक्टरांच्या तोंडावर नाराजी बोलून दाखवण्याची सवय नसल्यामुळे मराठी माणूस बहुधा पुढची वेळ रद्द करतो आणि पुन्हा फोन करत नाही; पण ‘मागच्या वेळी तुम्ही बोललात ते मला लागले’ हे एक वाक्य बोलता आले, आणि उपचारकाने ते बचाव न करता ऐकले, तर त्या एका भेटीतून जे साधते ते इतर अनेक भेटींतून साधत नाही. ऐकले नाही, तर उपचारक बदलण्याचा हक्क आहेच.

किती काळ लागेल, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर व्यक्तीगणिक वेगळे असते. केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यासांच्या आधारे मांडलेल्या हिशेबानुसार आठ भेटींपर्यंत सुमारे निम्म्या व्यक्तींत मोजता येण्याजोगी सुधारणा दिसते आणि सव्वीस भेटींपर्यंत सुमारे पाऊण व्यक्तींत. बालपणापासूनच्या आघातांवर किंवा स्वभावाच्या खोल रचनेवर काम असेल तर वर्ष-दोन वर्षेही लागतात. तीव्र नैराश्य, भ्रम, उन्माद यांत औषधे आवश्यक ठरतात. औषध आणि संवाद यांची सांगड अनेक आजारांत केवळ एकाच्या वापरापेक्षा चांगली ठरते, आणि बरे वाटू लागले म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला न विचारता गोळ्या बंद करणे धोक्याचे असते. उपचाराचा शेवटही आखून करावयाचा असतो. भेटी आठवड्याऐवजी पंधरवड्याने, मग महिन्याने होतात, त्रास परतण्याची पूर्वचिन्हे ओळखून ठेवली जातात, आणि परतलाच तर पुन्हा येण्यात पराभव नाही हे बोलून घेतले जाते.

खर्चाचा विषय उरतो. खासगी मानसोपचार शहरी मध्यमवर्गालाही जड जातो, आणि त्यामुळेच अनेकांचा उपचार मधेच थांबतो. फी कमी होऊ शकते का, हे संकोच न करता विचारावे, कारण काही उपचारक उत्पन्नानुसार दर ठेवतात. मुंबईतील केईएम, नायर आणि सायन, पुण्यातील ससून यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत सेवा मिळते, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएचसारख्या संस्थांनी मराठीतून मनआरोग्याचे काम दीर्घकाळ केले आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असे २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे, मात्र बाह्यरुग्ण भेटींचा खर्च बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचाराविना होत्या. या आकड्यांचा दोष व्यक्तींच्या संकोचावर टाकून मोकळे होता येणार नाही; तालुक्याच्या ठिकाणी जाण्याजोगा उपचारकच नसेल तर कितीही जागृती केली तरी माणसाने जावे कुठे? सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत प्रशिक्षित उपचारकांची पदे निर्माण करणे आणि ती भरणे हे शासनाचे काम आहे, आणि ते अपुरे राहिले आहे.

पुढील प्रकरणांत या टप्प्यांचा सविस्तर विचार केला आहे. ती वाचून संपण्याची वाट पाहण्याजोगी स्थिती प्रत्येक वाचकाची असेलच असे नाही. ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आज, आत्ता येत आहेत, त्यांनी पहिल्या भेटीच्या तारखेसाठी थांबू नये. जवळच्या विश्वासाच्या माणसाला सांगावे, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, किंवा १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.